मामाच्या साईटवर येतंय कोण?

चहा येईस्तोवर आमच्या मामाच्या साईटचं ऐका. शिवाजी पेठेत त्याचं चपलांचं दुकान हाय. साईट मी केली. माणसं नेटवर शोधून येत्यात का जाहिरातीवरनं, हे वेगळं काढायला एक लायब्ररी, म्हंजे तयार कोड, पण बसवली.

आठवड्यानं बघतो तर सगळी माणसं ‘थेट’च्या खान्यात! म्हंजे हातानं पत्ता टाईप करून आलेली. आजकाल एवढं कोण टाईप करतंय? कोड गंडला म्हणून लॅपटॉप घेऊन दुकानातच जाऊन बसलो.

तेवढ्यात गारगोटीचं एक गिऱ्हाईक आलं. भिंतीवरच्या जोडाकडं बोट करून म्हणलं, "तो दाखवा."

"पावणं, आदी तुमचा मोबाईल द्या बघू," मामा म्हणला. एका बोटानं सगळा पत्ता टाईप करून त्यानं तोच जोड साईटवर दाखवला.

"अवो, हा तर हितं समोरच टांगलाय की!"

"व्हय, पण साईट माझ्या भाच्यानं केलीया. ती बघा, मग पाय घाला."

इकडं माझ्या लॅपटॉपवर ‘थेट’चा आकडा एकानं वाढला.

कोडात काय बी चूक न्हवती. मी फकस्त त्या खान्याचं ‘थेट’ हे नाव काढून ‘मामा’ ठेवलं.