दोरीचं दुसरं टोक

वाकडी? माझी रेघ वाकडी? — नाही साहेब, परत म्हणा. तो कागद जरा खाली करा आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणा. सव्वीस वर्षं या मैदानावर रेघा मारतोय मी, तुम्ही पाळण्यात होतात तेव्हापासून, आणि आज तुम्ही एक टेप घेऊन येता नि सांगता, पलीकडची लांब रेघ मध्यावर बाहेर गेलीय — किती म्हणालात? दीड वीत. दीड वीत! अहो, नाचता येईना अंगण वाकडं, हे नाचणाऱ्यानं म्हणायचं असतं. उद्या पोरं म्हणाली तर ऐकून घेईन मी. तुमचे तर अजून बूटसुद्धा मळले नाहीत. बघू तो टेप. बघू तरी. — हं. टेप बरा आहे. असेल बरा. माझी नजर काय वाईट आहे?

मला ठाऊक आहे तुम्हाला त्या कागदावर काय लिहायचंय ते. सामन्याआधी मैदान तपासणं हे तुमचं कामच, मी कुठे नाही म्हणतो? पण उद्या सकाळी नऊला काय आहे, सांगा — क्वार्टर फायनल. सतरा वर्षांखालच्या पोरांची, साऱ्या देशातल्या फुटबॉल क्लबांची स्पर्धा, त्यातले आठ संघ उरलेत, आणि आठातला एक आमचा. क्लब काढून अठ्ठेचाळीस वर्षं झाली, इथवर कधी कुणी पोचलं नव्हतं. आणि तुम्ही ‘मैदान अयोग्य’ असे दोन शब्द लिहिलेत की सामना उचलून नेणार नदीपलीकडच्या त्या प्लास्टिकच्या गवतावर. तिथे आमची पोरं पाहुणी. इथे त्यांना कुठला उंचवटा चेंडू डावीकडे नेतो ते झोपेत माहीत आहे. नाही हलवू देणार. फाटकात आडवा पडेन मी, माझ्यावरून न्या तुमची ती गाडी.

एकट्यानं केलं का? म्हणजे सेक्रेटरींनी सांगितलंच तुम्हाला. सांगणारच ते, त्यांच्या पोटात काही राहत नाही, चहासुद्धा राहत नाही. हो, पाठवली होती त्यांनी दोन माणसं परवा, तीन पायांचं यंत्र घेऊन — उजेडाची रेघ पाडतं म्हणे, त्यावरून चाक ढकललं की झालं. मीच घालवून दिली. काय बोललो ते विचारू नका, चारचौघांत सांगण्यासारखं नाही. हे काम यंत्राचं नाही, साहेब, दोरीचं आहे. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एकशेपाच मीटर दोरी ताणायची, तिच्या कडेकडेनं रंगाचं चाक न्यायचं, संपलं. यात कसलं आलंय शास्त्र? दोरीला टोकं दोन असतात, एवढं कळलं की पुरे.

या टोकाला मी असायचो. त्या टोकाला आमची ही.

पगार? तिला कसला पगार! डबा घेऊन यायची दुपारी, आणि आलीच आहेस तर धर जरा, असं करता करता पंचवीस वर्षं धरलं तिनं. फुटबॉलमधलं ओ की ठो कळायचं नाही. ऑफसाइड म्हणजे काय, मी जेवताना वाट्या मांडून समजवायचो — ही बघ, ही वाटी पुढे गेली — तर ती तीच वाटी उचलून म्हणायची, आमटी घ्या आधी, निवतेय. पण दोरी! दोरी तिच्यासारखी कुणी धरून दाखवावी. घरात आमचा आवाज कधी चढला नाही, विचारा शेजाऱ्यांना. इथे मात्र एकशेपाच मीटरवरून भांडायचो आम्ही, झाडावरची पाखरं उठायची. मी ओरडायचो, ‘ओढ गं, ढील आहे!’ ती ओरडायची, ‘ढील तुमच्याकडे आहे, माझ्याकडे कधीच नव्हती!’ हात कापायचा तिचा दोरीनं, म्हणून एका मोडक्या छत्रीची दांडी आणली तिनं, वाकड्या मुठीची, आणि दोरी त्या मुठीला गुंडाळून धरायची. आणि वारा — आडवा वारा आला की लांब दोरी पोट काढते, साहेब, कितीही ताणा. मला दम नव्हता, मी चाक घेऊन निघायचो. ती तिथून हात खाली ठेवायची, म्हणजे थांबा. वारा पडला की हात वर. तिचा हात वर झाल्याशिवाय एक रेघ मारली नाही मी. तिला वारा कसा कळायचा कोण जाणे. मला तर अजून कळत नाही.

सहा महिने झाले.

नाही, ते लिहू नका तुम्ही. ‘परिस्थिती लक्षात घेऊन’ वगैरे काही लिहायचं नाही. रेघेचा आणि त्याचा काही संबंध नाही. मी म्हणतो, असेलही रेघ एखादी वीत इकडेतिकडे — तर ती खुंटी हलली असेल, बस्स. पलीकडे माणूस नसेल तर खुंटी ठोकतात, जग ठोकतं. हो, ती छत्रीची दांडीच आहे, तुम्हाला दिसली म्हणायची. ती नाही धरत जमीन, वाकते. लोखंडी आहेत की शेडमध्ये, तीन आहेत, चांगल्या हातभर लांब. मग हीच का रोवली? हाताशी होती म्हणून. हाताशी होती, आणि घाईत —

हाताशी नव्हती. घरून आणली मी. सकाळी, पिशवीत घालून.

आणि ऐकायचंच आहे तर ऐका. मला दिसलं होतं. चाक घेऊन मध्यावर पोचलो तेव्हा दोरी पोट काढून उभी होती, दीड वीत चांगली, तुमचा टेप काय सांगतो मला! सव्वीस वर्षांत पहिल्यांदा डोळ्यांनी बघून वाकडी रेघ मारली मी. कारण थांबलो असतो तर ओरडावं लागलं असतं, ‘ओढ गं.’ तोंडात आलं होतं. पलीकडे दांडी, आणि कुणी नाही. मग गेलो तसाच त्या पोटावरून, कोपरा येईपर्यंत मान वर केली नाही.

असं बघू नका. कीव नकोय मला. अशी नजर करून माणसं घरी येतात, बसतात, पंख्याकडे बघतात नि जातात. तुम्ही तसे नव्हता, तुम्ही आल्या आल्या ‘वाकडी’ म्हणालात. सहा महिन्यांत माझ्याशी सरळ बोललेला पहिला माणूस तुम्ही. तसेच राहा.

किती वाजले? साडेतीन. सहापर्यंत उजेड आहे. कागद ठेवा त्या खुर्चीवर, वर दगड ठेवा, आणि चला. चला म्हणतो ना. त्या दोघांना बोलवायचं नाही, यंत्र तर मुळीच नाही. आधी खरी रेघ कुठून जाते ते बघू, मग वाकडी घासून काढू, राहील तेवढ्यावर हिरवा रंग मारीन. सकाळी सातला परत या नि हवा तेवढा टेप लावा. वाकडी निघाली तर तुमच्या हातानं लिहा, मी पेन पुसून देईन.

ती दांडी उपटा. हळू. द्या इकडे. — ही तुम्हाला नाही मिळायची. तुम्ही हातानंच धरायचं, दोन वेढे घ्या पंजाला. कापेल जरा. कापू दे, तरुण आहात. तिच्या जागी उभं केलंय असं काही मनात आणू नका, मी फक्त तुम्हाला कोपऱ्यावर उभं केलंय. हात खाली म्हणजे थांबा. वारा पडला की हात वर. कसा कळेल? मला काय विचारता, ते मलाच कुठे येतं! उभे राहा, कळेल.

जातो मी त्या टोकाला.

— साहेब! ऐकू येतंय? ढील आहे! ओढा! — अजून! — नाही, ढील तुमच्याकडेच आहे! — हां. हां, असं.

आता बोलू नका. वारा जाऊ दे.