सासऱ्यांच्या आडनावाचा कोळी

जावई सासऱ्याला धोतरजोडी देतो, मी कोळी द्यायला निघालो होतो. हसू नका, खरं सांगतोय. आणीबाणी नुकतीच उठली होती. मी नाशकात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो आणि सासऱ्यांची दिंडोरीला द्राक्षबाग. तिथल्या एका झाडाच्या पानांवर मला टाचणीच्या टोकाएवढा कोळी सापडला; घरातला जाळ्याचा नव्हे, पानांचा रस शोषणारी कीड. सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर माहीत असलेल्या कुठल्याच प्रजातीत बसेना!

मी सासऱ्यांना म्हणालो, "मामा, प्रजाती म्हणजे कोळ्याचं आडनाव समजा. ही नवी निघाली, तर तुमचंच आडनाव देतो."

मामा भडकले. "जन्मभर ज्याच्यावर औषध मारलं, त्याला आमचं आडनाव? भाऊबंद तोंडात शेण घालतील!"

सासूबाई आतून म्हणाल्या, "परदेशातल्या पुस्तकात छापून येतं म्हणे."

पुढच्या रविवारी गेलो, तर अख्ख्या बागेत फवारणी चाललेली आणि तेवढं एक झाड कोरडं. गडी पंप घेऊन तिकडे वळला, तसे मामा ओरडले, "ते ऱ्हाऊ दे! घरची माणसं हायेत."

महिन्याभराने पुण्यातल्या जाणकारांना कोळी दाखवला. त्यांनी बघता बघता निकाल दिला: प्रजाती जुनीच, नाव कधीच देऊन झालेलं. मी पडेल चेहऱ्याने मामांना ते सांगितलं.

मामा ताडकन उठले आणि गड्याला हाक मारली, "पंप भर रे! दुसऱ्याच्या घरचा निघाला, आन् महिनाभर आपल्याकडं जेवतोय!"