खच्ची केलेली बंदूक

(एनस्खेडे, हॉलंड, फेब्रुवारी २०२१. बुधवारची दुपार. बाहेर बर्फ, टेबलावर लॅपटॉप, फोन स्पीकरवर, पलीकडे नागपुरातून समताचा भाऊ अजित.)

समता : पान नऊ. धनराज, तुझ्या या रिपोर्टात 'बदल करणारा', आणि पुढे तुझं पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल नंबर. अजित, ऐकतोयस ना? खाली फोटो आहे. टेबलावर बंदूक आणि मागे तुझे भाऊजी, अंगठा वर करून.

अजित : अंगठा?

धनराज : तो स्केलसाठी होता. भाग किती मोठा आहे ते कळावं म्हणून.

समता : आणि दात? तेही स्केलसाठीच काढलेस का?

अजित : ताई, एक मिनिट थांब. मी गाडी बाजूले लावतो. नागपूरच्या ट्रॅफिकमध्ये अशा गोष्टी ऐकवू नये माणसाले. हां. आता पहिल्यापासून. भाऊजींनी बंदूक घेतली?

धनराज : घेतली नाही रे. शेजारच्या बेरेंडची आहे. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत ते. शिकारीचा परवाना आहे, बंदुकीचा परवाना आहे, सगळं कायदेशीर. मी फक्त तिच्यात थोडं मॉडिफिकेशन केलं.

अजित : कायचं?

धनराज : सेमी-ऑटोमॅटिक होती. एक गोळी सुटली की पुढची आपोआप चढायची. ते आपोआप मी बंद करून टाकलं. आता प्रत्येक गोळीला बोल्ट, म्हणजे बाजूचा तो दांडा, हाताने मागे ओढावा लागतो.

अजित : म्हणजे चांगली चालून रायली होती, ती बिघडवली.

धनराज : बिघडवली नाही! विचारपूर्वक डाउनग्रेड केली.

समता : माझ्या पोळपाटावर. फोटो चार. पोळपाटावर स्प्रिंग, पिन, पिस्टन, प्रत्येकाखाली चिकटपट्टी, चिकटपट्टीवर नंबर. गेल्या आठवड्यात पोळ्यांना मशीनच्या तेलाचा वास आला तेव्हा मी विचारलं, तर म्हणे पीठ बदललंय का गं?

धनराज : ते भाग मी बेरेंडना परत दिलेत. लिफाफ्यात. यादीसकट.

अजित : घरात काही नाही ना आता? मग एवढं काय? कागद फाडा, लॅपटॉपमधून उडवा, विषय खतम.

समता : विषय सोमवारी सकाळी पोलिसांना ईमेल झाला.

अजित : कोणाले?

समता : पोलिसांना. शस्त्रांचे परवाने बघणाऱ्या विभागाला. अकरा पानांचा रिपोर्ट, आकृत्यांसकट. शेवटी नम्र प्रश्न: 'ही रायफल आता हातचालवी धरावी का, आणि हिने हरणाची शिकार करणे कायदेशीर आहे का?' त्यांचं उत्तर आलंय, पत्र मिळालं, लवकरच संपर्क साधू.

अजित : स्वतः होऊन? फोटोसकट? भाऊजी, बारा वर्षं झाली मले कोर्टात प्रॅक्टिस करून, पण असा गिऱ्हाईक नाही पाहिला. आरोपी बी तुम्ही, फिर्यादी बी तुम्ही, पंचनामा बी तुम्हीच करून दिला, वर त्याले पानांचे नंबर टाकले!

धनराज : अरे, इथे असंच असतं. विचारलं की सांगतात. मागे अंगणातलं झाड तोडायचं होतं तर खेमेंटेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, नकाशासकट उत्तर दिलं होतं.

समता : झाड आधी विचारलं आणि मग तोडलं, धनराज. बंदूक आधी तोडलीस आणि मग विचारलंस.

धनराज : ...हो. तो क्रम चुकला.

अजित : पण मुळात कोणी सांगितलं होतं? बंदुकीची दुकानं नाहीत का तिकडं?

धनराज : लॉकडाउनमुळे डिसेंबरपासून सगळी बंद आहेत. इथे न्हावी उघडा नाही, माझे केस बघ, तर बंदूक दुरुस्त करणारा कुठून उघडा असणार! आणि बेरेंडची घाई होती. त्यांचा सात-आठ शिकाऱ्यांचा गट आहे. त्यांच्या नव्या सेक्रेटरीने फतवा काढला, आपल्या रानात सेमी-ऑटोमॅटिक चालणार नाही, हाताने चालणारी आणा नाहीतर घरी बसा. हंगाम संपायला महिना राहिलाय. नवी बंदूक घ्यायची तर तिचे वेगळे कागद. मी म्हटलं, दाखवा बघू. उघडली तर आत इतकं सुंदर काम होतं, अजित! माझी लॅब अकरा महिने अर्धी बंद आहे. अकरा महिने मी सिम्युलेशन चालवतोय. हातात एक खरा स्क्रू आला नव्हता.

समता : घरातला नळ गळतोय तो खरा नाहीये का?

अजित : अन् हरणं मारायले मदत, ते? आमचे बाबा विहारात सगळ्यांले सांगून रायले, जावई डॉक्टरेट करते हॉलंडात. पंचशीलातलं पहिलं शील कोणतं, भाऊजी?

धनराज : दर रविवारी सावजी मटण ओरपणाऱ्याने मला हे विचारू नये. आणि मी तर हरणांच्या बाजूने काम केलंय. पहिली गोळी चुकली की दुसरीसाठी बोल्ट ओढायचा. तोवर हरीण जर्मनीत. सीमा सहा किलोमीटरवर आहे.

अजित : ते जाऊ द्या. कायद्याचं बोला. समजा, वळू हाये. त्याले खच्ची केलं. मग तो काय झाला?

समता : अजित, मी जेवलेय आत्ता.

धनराज : बैल झाला. बघ! कॅटेगरी बदलली की नाही? माझा मुद्दा हाच आहे, पान सहा.

अजित : बैल झाला ते तुमच्यासाठी. सरकारी दप्तरात जनावराच्या नावापुढं वळू लिहिलं असन तर तो वळूच. कोणी म्हणन बंदूक आज कशी चालते ते पहा, कोणी म्हणन कारखान्यातून कशी निघाली ते पहा. हे भांडण दहा वर्षं चालू शकते, मी स्वतः चालवून दाखवीन. पण तुम्ही त्यात अडकून नाही रायले. तुम्हाले विचारतील, खच्ची करणारे तुम्ही कोण? ढोरांचे डॉक्टर हाये का? परवाना हाये का?

धनराज : नाही.

समता : इथे बंदुकीचं काम करायला परवाना लागतो. मी सकाळपासून तेच वाचतेय. ऑफिसच्या तीन मीटिंगा कॅमेरा बंद करून वाचतेय.

अजित : झालं मग. शिक्षा किती, ते नंतर पाहू. तुमच्या कागदांचं काय?

समता : तेच तर! नोव्हेंबरमध्ये नागरिकत्वाचा अर्ज टाकलाय, दोघांचा. रेकॉर्ड कोरं पाहिजे. माझं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपतंय, याची फेलोशिप सप्टेंबरमध्ये. अर्ज गेला तर आम्ही गेलो. सहा वर्षं काढलीत रे इथे. ती डच भाषेची परीक्षा मी तिसऱ्या वेळेला पास झाले, दोनदा रडत घरी आले. आणि हा माणूस अंगठा दाखवतोय!

धनराज : समता, मी सॉरी म्हटलंय.

समता : मोठ्याने म्हण. अजितला ऐकू आलं नाही.

धनराज : सॉरी!

अजित : आता माझं ऐका. सोपं हाये. बंदूक कोणाची? बुढ्याची. परवाना कोणाचा? बुढ्याचा. काम बी बुढ्यानंच केलं. तुम्ही शेजारधर्म म्हणून त्याले कागद टाइप करून दिला, नाव चुकून तुमचं पडलं. त्याले काय होते? इथला माणूस, चौऱ्याहत्तर वय. साहेब दम देईन, चहा पाजीन, घरी पाठवीन.

धनराज : नाही. मी असं नाही करणार.

समता : धनराज, ऐक तर. तो अगदीच चूक नाहीये. त्यांना कोण देशाबाहेर काढणार आहे? त्यांचं काय जाणार?

धनराज : बंदूक जाणार. परवाना जाणार.

समता : मग जाऊ दे ना! चार वर्षांत एक हरीण मारलेलं नाही त्यांनी. तूच सांगितलंस.

धनराज : म्हणूनच. बायको गेल्यापासून ते मचाणावर नुसते जाऊन बसतात. पहाटे थर्मास घेऊन. मागून गटातली सगळी मंडळी कोणाच्या तरी गाडीपाशी जमतात, लांब लांब उभी राहून कॉफी पितात. आठवड्यातून तेवढीच माणसं भेटतात त्यांना. बंदूक असली तर ते गटातले. नसली तर रानात एकटा फिरणारा म्हातारा.

समता : हे मला का नाही सांगितलंस आधी?

धनराज : सांगितलं असतं तर पोळपाट दिला असतास?

समता : लाटणं दिलं असतं. डोक्यात.

अजित : भावनांचं मागून पाहू. भाऊजी, सरळ सांगतो, एक तर तुम्ही, नाही तर तो.

समता : आपल्याला कोविड झाला होता तेव्हा बारा दिवस दारात सूप ठेवून जायचे ते. वाटाण्याचं. चमचा उभा राहील इतकं घट्ट. मी नळाखाली पातळ करून प्यायचे. आणि तरी... मला माहितीये हे. तरी मी म्हणतेय ना? एवढी घाबरलेय मी.

धनराज : फोन वाजतोय माझा. बेरेंडच आहेत. हॅलो? येस, बेरेंड... व्हॉट, नाउ?... हाऊ मेनी?... नो, नो, व्हाय डिड यू से दॅट? बेरेंड, लिसन टू मी... हॅलो? हॅलो?

समता : काय झालं?

धनराज : पोलीस आलेत. त्यांच्याकडे. दोघं. माझा ईमेल छापून घेऊन आलेत.

अजित : अन्?

धनराज : बेरेंडनी त्यांना सांगितलंय, 'मीच केलं. शेजाऱ्याने फक्त टाइप केलं, मला कॉम्प्युटर येत नाही म्हणून.' मला म्हणाले, तू येऊ नकोस, खिडकीपाशी पण उभा राहू नकोस, तुमचे कागद व्हायचेत.

अजित : वा रे बुढ्या! हेच तर मी मघापासून बोंबलून रायलो. काही शिकवायचं कामच नाही पडलं! ताई, तुमचं नशीब...

समता : अजित, गप्प बस.

अजित : अरे, पण...

समता : गप्प म्हटलं ना. धनराज, पुढे काय म्हणाले?

धनराज : पोलीस म्हणाला, तुम्ही केलंय तर उघडून दाखवा. काय काढलं, कुठे काढलं. हात धुऊन येतो सांगून ते बाथरूममधून बोलत होते. मला विचारत होते, पहिला स्क्रू कुठला.

समता : त्यांचे हात थरथरतात. गेल्या आठवड्यात दुधाच्या बाटलीचं झाकण मी उघडून दिलं. तो स्क्रू त्यांच्याने होणार नाही.

धनराज : नाही होणार. आणि असे हात बघून पोलीस परवान्याचाही विचार करणार.

अजित : भाऊजी, वकील म्हणून सांगतो. घरातून हलू नका. बुढ्याचं खोटं बुढ्याले निस्तरू द्या. तुम्ही तिथं जाऊन तोंड उघडलं ना, मग ते कबुलीजबाब. मग मी काय, कोणीच काही नाही करू शकत.

धनराज : समता, तू सांग. अर्ज दोघांचा आहे. तू नको म्हणालीस तर मी इथेच बसतो.

समता : असं माझ्यावर नको टाकूस.

धनराज : टाकत नाहीये. खरंच विचारतोय.

समता : मला इथून जायचं नाहीये. मला हे घर आवडतं, ती गळकी तोटी पण आवडते. तुझा इतका राग आलाय की बोलायची सोय नाही. पण ते तिकडे आपल्यासाठी खोटं बोलताहेत रे. आयुष्यात कधी बोलले नसतील. परवा मी नवा स्वेटर दाखवला तर तोंडावर म्हणाले, रंग वाईट आहे. असा माणूस. काय जमणारे त्यांना खोटं? जा तू.

अजित : ताई!

समता : जा म्हणतेय ना. आणि आधी पॅन्ट घाल. वर झूमचा शर्ट आणि खाली चट्ट्यापट्ट्यांची चड्डी, अशी कबुली कोणी लिहून पण घेणार नाही.

धनराज : मास्क कुठाय?

समता : दाराच्या हुकला. जास्त बोलू नकोस तिथे. पान सहा वगैरे काढू नकोस. विचारतील तेवढंच सांग.

धनराज : बरं. येतो मी.

अजित : गेले?

समता : गेला. बर्फात घसरला. उठला. कोटाची बटणं वरखाली लावलीत.

अजित : तुले दिसते तिकडचं?

समता : त्यांच्या स्वयंपाकघराला पडदा नाहीये. इथे कोणीच लावत नाही. दार उघडलं बेरेंडनी. काहीतरी ओरडताहेत त्याच्यावर. आता आत घेतलं.

अजित : पोलीस काय करून रायले?

समता : एक उभा आहे. दुसरीने, बाई आहे ती, वही काढलीये. धनराज बोलतोय. हात हवेत फिरवून काय काय दाखवतोय. पान सहा चालू झालेलं दिसतंय.

अजित : अन् बुढा?

समता : त्याच्या शेजारी येऊन बसले. कोविडचं दीड मीटर अंतर वगैरे काही नाही, खांद्याला खांदा लावून.

अजित : ताई, तुमच्या कागदांचं आता...

समता : ती लिहितेय अजून. तू फोन ठेवू नकोस.