बेसातलं कोण ऐकून राहिलं?

...नाही, तुम्हीच सांगा, घराची चावी कुठे ठेवली हे कोणी आमच्या अख्ख्या बेसा वस्तीला ओरडून सांगतं का? आमची सोसायटी सांगते! वॉकीटॉकीवरून! परदेशी माल, कोणी बनवला, कोणी तपासला, काही पत्ता नाही. डब्यातून काढला आणि आहे तसा, चॅनल एकवर, दिला वॉचमनच्या हातात! मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेय हो! म्हटलं, श्रीधरकाका, तुम्ही अध्यक्ष आहात, हे उघडं चॅनल आहे, असला सेट ज्याच्याकडे असेल तो सगळं ऐकेल. तर काका हसत, "अवं मिनल, बेसातलं कोण ऐकून राहिलं? चीनमधी बसलेल्याले आपल्या पाण्याच्या टँकरचं काय करायचं हाय?"

टँकर? अहो, आईचं धंतोलीच्या दवाखान्यात ऑपरेशन, आम्ही चारशे दोनमधले सगळे आठवडाभर तिकडे, आणि इकडे धोंडबा वॉचमन मागच्या गेटला कळवतो, "चारशे दोनवाले दवाखान्यात गेले, घर खाली हाय, चावी चपलेच्या रॅकमधी, ओव्हर!" का? तर कामवाल्या बाईची सोय!

मग मी तसलाच सेट विकत आणून मीटिंगमध्ये नेला. टेबलावर ठेवला, चॅनल एक, म्हटलं आता फक्त ऐका. खर्रर्र... "अध्यक्षसाहेब मीटिंगमधी, काकू माहेरी, चावी तुळशीच्या कुंडीखाली, ओव्हर!"

झालं! मला वाटलं, आता काका पांढरेफटक पडणार... काका म्हणतात काय? "वा! आवाज किती साफ येऊन राहिला गा!" आणि टाळ्या! सांगते तुम्हाला, टाळ्या वाजल्या!

मी टेबलावर हात आपटला तेव्हा कुठे ठराव झाला. काय ठराव? धोका गंभीर आहे, म्हणून सेटवरची चिनी अक्षरं खरवडून तिरंग्याचे स्टिकर लावायचे! आणि चोरून ऐकणारं माणूस एकच सापडलं, म्हणून मिनलचा सेट जप्त! "आता सांग," काका म्हणतात, "आता बेसातलं कोण ऐकून राहिलं?"

मी चावी दोरीत ओवून गळ्यात घातली. काल आईचा डबा घेऊन गेटमधून निघाले, तर पाठीमागे धोंडबा, "चारशे दोनची चावी मिनलताईच्या गळ्यात हाय, ताई धंतोलीले चालली, ओव्हर!"

मी वळले. म्हटलं, "कुलूप कसलं आहे तेही सांगून टाका ना, धोंडबा!"

बिचारा लगेच बटण दाबून, "कुलूप पितळेचं हाय, जुनं हाय, ओव्हर!"

बसले मी ऑटोत. जाऊ द्या... बेसातलं कोण ऐकून राहिलं!