दोनशे पाठी

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातच ठेवा, शेजाऱ्याकडे बघू नका! माणूस सगळ्यात जास्त कशाला भितो? मरणाला? भुताला? — मागच्या आजीबाई म्हणतात, सुनेला! असू दे, असू दे. आज मी अशा लोकांची गोष्ट सांगतो, जे मरणाची गाणी हौसेनं ऐकतात, अंगभर काळं घालतात. त्यांचे गायक तर तोंडाला प्रेतासारखा पांढरा रंग फासतात. भुतानं बघून पळावं! तेही भ्याले. कशाला? ऐका.

कोल्हापुरात प्रद्युम्न हेरवाडे नावाचा गायक होता. त्याच्या संगीताला ब्लॅक मेटल म्हणतात. मी ऐकलंय बरं का! गिटारींचा कल्लोळ, ड्रमचा धडधडाट आणि वर गळा सोलून काढणारी किंकाळी. आमचे पेटीवाले विसूभाऊ म्हणाले, "बुवा, या पोराला आधी डॉक्टरकडे न्या!"

त्याचा पहिला अल्बम पत्र्याच्या शेडमध्ये, एका मायक्रोफोनवर झालेला. नुसती खरखर! चाहते त्या खरखरीवर जीव टाकायचे. मग प्रद्युम्ननं घरदार विसरून दुसरा केला, 'काळोखाचा दरबार'. व्हायोलिनांचा ताफा, समूहगान, एकेक सूर धुऊन पुसून ठेवलेला. अंधारच, पण राजवाड्यातला!

झालं! रंकाळ्यावर चहाच्या गाडीपाशी चाहते बसले मत द्यायला.

"भावा, किती गुळगुळीत! फरशी पुसल्यागत."

"ड्रमचा ठोका न् ठोका ऐकू येतोय. आकाशवाणी हाय का ही?"

"लग्नात लावा की! अक्षता पडतील यावर."

सगळ्यात मोठा आवाज रणधीरचा. कंपूचा म्होरक्या. तो म्हणाला, "गडी विकला गेला. रविवारी कार्यक्रमात नवं गाणं सुरू झालं, की सगळ्यांनी पाठ फिरवायची. ओरडायचं न्हाई, काही फेकायचं न्हाई. नुसती पाठ. जो फिरवणार न्हाई, तो आपला न्हाई."

मंडळी, शिवी परवडली! शिवी देणारा निदान तोंडाकडे तरी बघतो.

तिथं शर्वरी बसली होती. मूळची चिपळूणची, इथं चष्म्याच्या दुकानात नोकरीला. या शहरात तिला नावानं हाक मारणारी माणसं एवढीच. कार्यक्रमाआधी प्रद्युम्नच्या तोंडाला रंग तीच लावायची. आणि तिला अल्बम आवडला होता! आवडला म्हणजे — दुकानाचं शटर आतून ओढून रडली होती ती.

रणधीरनं विचारलं, "शरू, तुझं काय मत?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती म्हणाली, "ठीक आहे... जरा जास्तच चकचकीत झालाय."

"बघा! शरूसुद्धा!"

रविवार आला. मंचामागच्या खोलीत ती प्रद्युम्नच्या गालाला रंग लावतेय.

"पाठ फिरवणार आहेत म्हणे," तो म्हणाला.

"कोण म्हणालं, दादा?"

"कळतं सगळं. शर्वरी, तू पुढच्या ओळीत उभी राहा. माझ्याकडं बघत राहा. एक चेहरा दिसला तरी मी गाईन. तोही नाही दिसला, तर हे माझं शेवटचं."

"मी आहे ना!" ती म्हणाली.

जुनी गाणी झाली. शिट्ट्या, आरोळ्या! मग नवं गाणं सुरू झालं. सभागृहाच्या मधल्या वाटेत रणधीरनं हात वर केला. एक वळला. दहा वळले. मग नुसते बूट घासल्याचे आवाज, आणि दोनशे काळ्या पाठी! गळ्यात गिटार, प्रद्युम्न गातोय. रंगवलेल्या काळ्या खोबणीतले त्याचे डोळे शर्वरीवर रुतलेले. शेजारणीचं कोपर तिच्या बरगडीत बसलं. "वळ की गं! रणधीरला कळंल!"

उद्या दुकानातून सुटल्यावर जायचं कुणाकडे? — मंडळी, ती वळली!

आणि वळल्यावर काय दिसलं? ती सगळ्यात पुढं होती, म्हणजे आता सगळ्यांच्या मागं. समोर साऱ्या सभागृहाच्या पाठी. आणि प्रत्येक पाठीवरची मान डोलतेय! पाय ठेका धरतायत! आणि रणधीर? त्याची बोटं मांडीवर व्हायोलिनचा सूर न् सूर वाजवतायत. पाठ होतं त्याला, सगळं पाठ!

इतक्यात गाणं संथ झालं. ड्रम थांबला, गिटार थांबली. उरली व्हायोलिनं आणि समूहगान. ती ध्वनिमुद्रित, संगणकावरून वाजणारी. शर्वरी गर्रकन मागं फिरली.

मंचावर गायक नव्हता.

व्हायोलिनं वाजत होती. माना डोलत होत्या. मग सूर थांबले. इथं त्याची किंकाळी यायची. दोनशे माणसांनी श्वास धरला. किंकाळी आली नाही. ती माणसं उभीच! पाठमोरी, कान टवकारून! आणि मागं वळून बघायची एकाची छाती नाही!

शर्वरी धावत आत गेली. तो बेसिनपाशी तोंड खसखसून धूत होता.

"दादा, चल! त्यांना आवडलंय! माना डोलत होत्या सगळ्यांच्या, मी डोळ्यांनी पाहिलं!"

त्यानं ओलं तोंड वर केलं. हळूच विचारलं, "तू कुठून पाहिलंस?"



दुसऱ्या दिवशी तिनं इंटरनेटवर त्या अल्बमखाली आपल्या नावानिशी लिहिलं, 'मला हा पहिल्या दिवसापासून आवडला. आणि मी पाठ फिरवली.' खाली एकानं लिहिलं, 'मलाही आवडला.' मग दुसऱ्यानं. मग रांगच लागली! शेवटी रणधीर, 'भावा, एक नंबर. पुढचा कधी?'

पुढचा नाही, मंडळी. प्रद्युम्ननं गिटार विकली. आता कुणी गाणं म्हण म्हटलं, तर तो उठून दुसऱ्या खोलीत जातो.

हसू नका त्या पोरांना. तुमच्या लेकीनं काढलेलं चित्र, भावानं थाटलेलं दुकान, सुनेनं केलेली नवी भाजी — मनातून आवडलं होतं ना? मग चौघांत बसून नाक का मुरडलंत? कुणाला भ्यालात? त्या चौघांना? ते तुम्हाला भ्याले होते!

आता इथं आरती होईल. पण ज्याचं कुणाला 'आवडलं' म्हणून सांगायचं राहिलंय, त्यानं आरतीला थांबू नये. उठा. लोक बघतील, बघू देत. देवाची आरती उद्याही आहे. त्या माणसाचं मला सांगता येत नाही.