नातीसाठी जर्मन

...आणि परत चर्च! तुम्हाला सांगतो, या एका महिन्यात मी इतकी चर्चं पाहिली, इतकी चर्चं पाहिली, की उभ्या जन्मात पुण्यात तेवढी देवळं पाहिली नसतील. अहो, मी शिकायला आलोय, बघायला नाही!

म्हणजे झालं काय, आमचा मुलगा नील जर्मनीत, उंटरश्लाइसहाइम नावाच्या गावात, सॉफ्टवेअरमध्ये. सून निधी, आणि नात इरा, वय वर्षं सात. आता ही इरा... मराठी सगळं कळतं बरं का, लाडू कुठल्या डब्यात आहेत ते तर बरोब्बर कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये! मी विचारतो, ‘इरे, शाळेत काय झालं गं आज?’ की सुरू, हातवारे काय, हसणं काय, मधेच डोळे पुसणं काय... आणि मी समोर नंदीबैल! डोळे का पुसले ते मला संध्याकाळी कळणार, तेही नीलकडून, ‘काही नाही हो बाबा, मैत्रिणीशी भांडली.’ संपलं! अहो, जिवाला लागतं हो ते. एकुलती एक नात, आणि आमच्या दोघांच्या मधे दुभाषा?

म्हटलं शिकायचं. निधी म्हणाली, ‘बाबा, घरी राहून तुम्ही मराठीच बोलाल, एक महिना रेगेन्सबुर्गला जा, तिथे छान कोर्स आहे.’ गेलो. होल्डॉल तेवढा नव्हता, बाकी थेट हॉस्टेल!

आता तिथल्या बाई, फ्राऊ हूबर. उंच, खणखणीत आवाज, हातात लाल छत्री. पहिल्याच दिवशी म्हणतात, ‘आल्झो! तर मग, भाषा वर्गात नाही शिकायची, शहरात शिकायची!’ झालं! तेव्हापासून रोज वरात. पुढे छत्री, मागे आम्ही, आज रोमन दरवाजा, उद्या मनोरा, परवा त्याच मनोऱ्याची दुसरी बाजू. मी आपला मागून, ‘फ्राऊ हूबर, ते क्रियापद...’ की त्या, ‘गेनाऊ, अगदी बरोबर, हेर जयंत! पण आधी ही खिडकी बघा!’ अहो बाई, मी शिकायला आलोय, बघायला नाही!

आणि तो डोम, म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं चर्च. दारात आलो, पायांना सवय, काढले बूट, ठेवले कडेला. देवाच्या दारात बूट घालून जातात का कधी? बाहेर येतो तर बूट गायब! तुम्हाला सांगतो, क्षणभर बरं वाटलं, म्हटलं चला, इथेही चोरतात, अगदी घरच्यासारखं! कसलं काय! कुणा सज्जन माणसानं नेऊन हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत जमा केले होते. गेलो मोज्यांवर, त्या दगडी रस्त्यावरून, ठेचकाळत. सज्जन माणसांचा त्रास असतो हो!

बरं, एवढं हिंडून भाषा कुठली आली? गाइडची! बेकरीत पाव मागायला जातो, तर तोंडातून काय येतं? ‘हिअर झेएन झी...’ म्हणजे ‘इथे आपल्याला दिसत आहे...’ ती मुलगी वाट बघतेय, काय दिसतंय, काय दिसतंय... शेवटी मी बोटानं पाव दाखवला, आणि ती हसून इंग्लिशमध्ये, ‘वन ऑर टू?’

तर महिना संपला, सगळे मला न्यायला आले, आमची बायको मनोरमासुद्धा. इराला घेऊन दगडी पुलावर गेलो. खाली डोनाऊ नदी, वर ऊन, पूल माणसांनी भरलेला... म्हटलं, आता बोलायचं. घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात, ‘माइनं डामेन उंट हेरेन!’ सात वर्षांच्या पोरीला, अहो, सभ्य स्त्री-पुरुषहो! दुसरं येतंय काय मला? मग बारावं शतक, मग कमानी, हात फ्राऊ हूबरांसारखा वर... दोन जपानी येऊन उभे राहिले, एक आजीबाई फोटो काढायला लागल्या, आणि इरा लालेलाल! माझी बाही ओढून म्हणते कशी, ‘आजोबा, नको ना! सगळे बघतायत! तू मराठीत बोल ना... प्लीज!’

मराठीत! इरा! मी कठड्याला टेकलोच. मग सांगितली गोष्ट मराठीत, पूल बांधणाऱ्यानं सैतानाला कसं फसवलं, पूल ओलांडणारा पहिला जीव तुझा असं कबूल करून माणसाऐवजी कोंबडाच कसा आधी पाठवला... आणि ती, ‘मग? मग कोंबड्याचं काय झालं? आणि सैतान रागावला?’ सगळं मराठीत, तोडकंमोडकं, पण माझ्याशी! अहो, डोळे भरून आले माझे. वाऱ्यामुळे नाही, उगाच खोटं का बोलू?

गाडीत बसलो, म्हटलं सुटलो, आता जर्मन बंद! तर मनोरमा हळूच, ‘अहो, बंद काय? तुमचं जर्मन ऐकवेना म्हणून पोर मराठीत आली. तुम्ही थांबलात तर ती परत जर्मनमध्ये जाईल!’

पुढच्या महिन्याचे पैसे भरून आलोय. शिकायला नाही हो... माझं जर्मन हे असंच, ऐकवेना असं राहायला पाहिजे!