रत्नप्रभाबाईंचा रिपोर्ट

मुलुंडच्या हॉस्पिटलात नीला नंबराची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर एक आई आणि तिचा मुलगा दबक्या आवाजात भांडत होते.

"आई, तू इथेच बस. रिपोर्टचं मी डॉक्टरांशी बोलून येतो."

"गाठ कोणाच्या छातीत आहे, देवेश?"

"तसं नाही गं. सगळं ऐकणं तुला झेपणार नाही."

"बाबांच्या वेळी पण तुम्ही भावांनी हेच केलंत. अख्ख्या बिल्डिंगला कॅन्सर माहीत, आणि ते बिचारे ॲसिडिटीची गोळी मागतायत."

"त्यांच्या भल्यासाठीच ना?"

"त्यांना एकदा गावी जायचं होतं. मे महिन्यात जाऊ म्हणाले. कुठला मे, रे?"

देवेश म्हणाला, "डॉक्टर पण नातेवाइकांशीच बोलतात, आई."

"माझ्याशी बोलावंच लागेल. माझं शरीर आहे, माझा हक्क आहे."

तेवढ्यात दारातून नर्सने विचारलं, "रत्नप्रभा परब यांचे नातेवाईक कोण?"

"नातेवाईक बसलेत. पेशंट येतेय."

"आई, ऐक ना..."

"ही पिशवी धर. बाहेर आले की सांगते तुला, झेपेल तेवढं."